पवईतून फिरवलेली गाडी

काशीराम धुरी एकतीस वर्षं बसखात्यात टाइमकीपर होते आणि त्या एकतीस वर्षांत त्यांना कधी बसची वाट पाहावी लागली नाही. बसच त्यांची वाट पाहायच्या. पवईच्या चौकीत खिडकीशी बसून ते शीटवर वेळ टाकत, सही करत, मान हलवत, आणि मग ड्रायव्हर गिअर टाकायचा. त्यांची मान हलल्याशिवाय चाक हलत नसे. असा माणूस निवृत्तीनंतर पाच वर्षांनी डब्याची पिशवी घेऊन कांजूरमार्गच्या स्टॉपवर इतरांसारखा रांगेत उभा राहिला, तर त्याचं डोकं ठिकाणावर राहील अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

रांगेत उभं राहायचं कारण मात्र गोड होतं. त्यांची एकुलती एक मुलगी अक्षता गोरेगावला राहते आणि अंधेरीच्या एका लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामावर आहे. तिची बाळंतपणाची रजा संपली तेव्हा गंधाली सात महिन्यांचीही नव्हती. जवळच्या पाळणाघरात वर्षाच्या आतलं मूल घेत नाहीत. जावई सर्वेश तारापूरच्या कारखान्यात, तो पहाटे पाचला घर सोडतो. काशीरामच्या बायकोचे, शेवंतीचे, दोन्ही गुडघे गेलेले. तिला बसची पायरी चढवत नाही, मग अक्षताचे तीन मजले कुठून चढवणार. उरले काशीराम. त्यांनी फोनवर सांगून टाकलं, "साडेआठला मी तुझ्या दारात. तू निर्धास्त कामावर जा, पोरीला मी बघतो."

"बाबा, रोज जमेल तुम्हाला?"

"एकतीस वर्षं मी दुनियेला वेळेवर पोचवलंय. आता स्वतः पोचणार नाय?"

शेवंती तेव्हा भाकऱ्या थापत होती. नवऱ्याचं हे वाक्य ऐकून तिने तवा जरा आपटून ठेवला.

कांजूरमार्ग आणि गोरेगाव यांच्यात नकाशावर बोटभर अंतर आहे. पण मुंबईची रेल्वे उभी धावते, आडवी नाही. ट्रेनने जायचं तर आधी दादरपर्यंत खाली उतरायचं आणि दुसऱ्या लाइनने तेवढंच पुन्हा वर चढायचं, असा द्राविडी प्राणायाम. सरळ आडवं जायला एकच बस, पवईवरून जाणारी. तिच्याच फेऱ्या काशीरामनी अर्धं आयुष्य शीटवर लिहिल्या होत्या. त्यामुळे रिक्षा, टॅक्सी, फोनवरून मागवायची गाडी हे विषय त्यांच्या घरात निघालेच नाहीत. निघाले असते तर त्यांना तो अपमान वाटला असता.

पहिल्याच आठवड्यात त्यांची त्रेधा उडाली. मेट्रोच्या कामाचे पत्रे लागल्यापासून स्टॉप तीनदा हलवलेला. पाटी एकीकडे, रांग दुसरीकडे आणि बस थांबते तिसरीकडेच. पूर्वीच्या लांबलचक गाड्या जाऊन आखूड गाड्या आलेल्या. सोमवारी ते अक्षताच्या दारात पोचले आठ पन्नासला. मंगळवारी आठ एक्केचाळीस. बुधवारी नऊ पाच. गुरुवारी आठ वीसलाच पोचले, तर ती गोष्ट त्यांनी जिन्यात भेटेल त्याला सांगितली. शुक्रवारी नऊ वीस.

दर वेळी अक्षता दार उघडं टाकून उभी असायची, खांद्याला पर्स, कडेवर गंधाली. पोरगी बापाच्या हातात देता देता "दूध फ्रीजमध्ये, अकराला पेज, औषध टेबलावर" एवढं सांगून ती चपला घालतच जिना उतरायची. तिने एकदाही आवाज चढवला नाही. चढवला असता तर काशीरामना बरं वाटलं असतं, त्यांनीही आवाज चढवून मेट्रोला, ट्रॅफिकला, खात्यातल्या नव्या लोकांना चार शिव्या दिल्या असत्या.

शनिवारी संध्याकाळी तिचा फोन आला. लॅबमध्ये सेक्शन इनचार्जची जागा निघाली होती, सोमवारी साडेनऊला मुलाखत. ती रजेवर असताना नोकरीला लागलेली एक मुलगीही त्या जागेसाठी होती. "सोमवारी साडेआठ म्हणजे साडेआठ, बाबा. आठ पस्तीसला मी निघाले नाही तर विषय संपला. परत ही संधी कधी येईल सांगता येत नाही."

"साडेआठ म्हणजे साडेआठ," काशीराम म्हणाले.

"त्या दिवसापुरती सर्वेशला गाडी बुक करायला सांगू का तुमच्यासाठी?"

"मला बसचं शिकवू नको गं. सोमवारी ट्रॅफिक कुठून कुठे कसा भरतो ते मी तुझ्या जन्माआधीपासून बघतोय."

मग ती म्हणाली, "बरं." त्या "बरं"मध्ये काय होतं ते काशीरामना तेव्हा उमगलं नाही.

रविवार त्यांनी कागद-पेन्सिल घेऊन काढला. पहिली गाडी पाच चाळीसची, दुसरी सहा दहाची, तिसरी सहा पस्तीसची, चौथी सातची. प्रवासाला सव्वा तास, वर ट्रॅफिकची वीस मिनिटं. सहा पस्तीसची पकडली तर आठ दहाला दारात. ती चुकली तरी सातची आहेच, ट्रॅफिक बरा असला तर तीही साडेआठच्या आत. शेवंती पाय शेकत बसली होती. ती म्हणाली, "उद्याच्या दिवस रिक्षान जावा मगे. पोरीचा सगळा तुमच्यावर आसा."

"बस आसा," काशीराम म्हणाले. "सहा पस्तीसची."

"आसा म्हणजे कागदार आसा."

त्यांनी कागद घडी करून खिशात घातला आणि टीव्ही लावला.

सोमवारी सहा पंचविसाला ते स्टॉपवर होते. रांगेत सात माणसं. एका पिशवीमागे पिशवी ठेवून लोक बाजूच्या टपरीवर चहा घेत होते; पिशवी ठेवली की नंबर लागला, तिला कुणी हात लावत नाही, हा इथला जुना रिवाज. काशीराम मात्र पिशवी ठेवत नसत. ते स्वतः उभे राहत, ताठ, मनगटावरचं घड्याळ समोर धरून. रांगेत त्यांना टाइमकीपरकाका म्हणत. कुठल्या वेळची गाडी का चुकली, कुठली कट म्हणजे रद्द झाली असणार, मागून किती मिनिटांनी दुसरी येणार, हे ते कुणी विचारलं नाही तरी सांगत. आणि खरं सांगायचं तर बऱ्याचदा ते बरोबर निघत असे. म्हणूनच तर पुढचा घोळ झाला.

सहा पस्तीस झाले. सहा पंचेचाळीस झाले. काशीराम फुटपाथवरून खाली उतरले, रस्त्याच्या मध्यापर्यंत गेले, वाकून लांबवर पाहिलं, परत आले. मग रांगेतला दुसरा गेला, पाहून आला. मग तिसरी. बस न येण्याशी या पाहण्याचा काही संबंध नसतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी प्रत्येकाला एकदा स्वतः जाऊन पाहावंच लागतं.

त्यांच्या पुढे प्रांजल उभी होती, सीप्झमध्ये नोकरीला जाणारी, पंचविशीतली, रोजची. तिच्या मोबाइलवर बस कुठे आहे ते दिसायचं. "काका, चार मिनिटं दाखवतंय," ती म्हणाली. चार मिनिटांनी म्हणाली, "आता नऊ दाखवतंय." आणखी थोड्या वेळाने पुन्हा चार. "ही काय उलटी चाललीय का काय यार."

सात वाजता कोपऱ्यावर शेअर रिक्षा भरायला लागली. प्रांजलने पर्स खांद्यावर चढवली. "काका, दोन सीट आहेत. पवईपर्यंत तरी जाऊ, पुढचं पुढे बघू. चला ना."

काशीरामचा एक पाय खरंच उचलला गेला. साडेआठ म्हणजे साडेआठ. पण पस्तीस मिनिटं उभं राहिल्यावर स्टॉप सोडायचा म्हणजे ती पस्तीस मिनिटं कचऱ्यात टाकायची, आणि पाठ फिरवली की बस येते हा तर त्यांच्यासारख्याचा नोकरीभरचा अनुभव; चौकीच्या खिडकीतून त्यांनी अशी किती माणसं बसमागे धावताना पाहिली होती. शिवाय त्यांच्यातला टाइमकीपर जागा झाला. "सहा पस्तीसची कट झाली," ते म्हणाले, मोठ्याने, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "म्हणजे सातची तिच्या जागी भरून काढणार. दोन गाड्या जोडीने येतील. दहा मिनिटं. मी सांगतो ना."

प्रांजल थांबली. रिक्षाकडे निघालेले आणखी दोघं परत फिरले. काकांनी सांगितलंय म्हटल्यावर विषयच संपला. त्या दोन सीटवर मागून आलेलं कुणीतरी बसलं आणि रिक्षा गेली.

काशीरामचा अंदाज चुकला नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवायला हवं. फक्त दहाऐवजी वीस मिनिटं लागली. सात वीसला दोन गाड्या जोडीने आल्या. पहिली रिकामी, दिवे बंद, पाटी विझलेली. ती सरळ डेपोत निघाली होती. दुसरी त्यांचीच होती, पाटीवर गोरेगाव, आतमध्ये उभं राहायला भरपूर जागा. रांगेतले सगळे हात वर गेले. गाडी उजव्या लेनमधून, वेग कमी न करता, स्टॉपसमोरून निघून गेली. हात थोडा वेळ तसेच राहिले आणि मग एकेक करून खाली आले.

प्रांजलने काशीरामकडे पाहिलं.

शंभरेक पावलांवर सिग्नल लागला आणि बस तिथे अडकली. काशीराम धुरी, वय त्रेसष्ट, रक्तदाबाची गोळी सकाळ-संध्याकाळ, डब्याची पिशवी छातीशी धरून धावत सुटले. स्टॉप सोडून गाडी थांबवू नये, सिग्नलला दार उघडू नये, या सूचना त्यांनी स्वतः चौकीच्या भिंतीवर चिकटवल्या होत्या. आता त्यांनी दोन्ही हातांनी बसच्या दारावर थापा मारायला सुरुवात केली. ड्रायव्हरने मान वळवली, त्याचे डोळे मोठे झाले आणि दार उघडलं.

"धुरीसाहेब, तुम्ही?"

तो धोंडिराम पाईकराव होता. पंधरा-सोळा वर्षं त्याने काशीरामच्या चौकीवरून गाड्या नेल्या होत्या; पुढच्या वर्षी तोही निवृत्त होणार. काशीराम आत चढले, दांडा धरला, श्वास येईपर्यंत थांबले. सिग्नल सुटला. मागच्या काचेतून त्यांना रांग दिसली. प्रांजल धावत अर्ध्या रस्त्यापर्यंत आली होती आणि तिथेच उभी राहिली होती. तिला रिक्षाकडे जाताना त्यांनीच थांबवलं होतं, आणि आत मात्र ते एकटेच चढले होते. त्यांनी तोंड पुढे वळवलं.

"स्टॉप का सोडलास रे? माणसं उभी होती तिथं. पाऊण तास."

"वीस मिनिटं लेट आहे साहेब. वरून फोन आला, मधले स्टॉप सोड, वेळ भरून काढ." धोंडिरामने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं. त्याला वाटलं साहेब परीक्षा घेतायत. "आणि गाडी पुढं गोरेगावला जातच नाही. पवईतून फिरवायची."

"फिरवायची म्हणजे?"

"म्हणजे काय साहेब. पवईला पब्लिक उतरवायचं, गाडी उलटी कांजूरला. पुढची फेरी टायमात. तुमचाच तर नियम."

तो सहज बोलला, त्यात टोमणा नव्हता, आणि खोटंही काही नव्हतं. गाडीला फार उशीर झाला की ती मधूनच परत फिरवायची, म्हणजे तिची पुढची फेरी वेळेवर सुटते आणि शीट बरोबर राहते, ही पद्धत काशीरामनी शोधली नव्हती. पण त्यांच्याइतक्या नेमकेपणाने ती कुणी वापरली नव्हती. त्यांच्या शीटवर कधी लाल शेरा आला नाही. निवृत्तीला वरच्या साहेबांनी त्याचाच उल्लेख करून भिंतीवरचं घड्याळ दिलं होतं. फिरवलेल्या गाडीच्या पुढच्या स्टॉपांवर कोण उभं आहे, ते चौकीच्या खिडकीतून दिसत नसे. त्यामुळे त्या माणसांचा त्यांनी कधी विचार केला नव्हता.

एकदा सोडून. तेव्हा अक्षता कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती आणि जोगेश्वरीच्या सेंटरवर तिचं प्रॅक्टिकल होतं. गोरेगावहून येणाऱ्या गाडीची वाट पाहत ती कांजूरला उभी होती. तीच गाडी कांजूरला वळून परत गोरेगावकडे जायची. ती गाडी आलीच नाही. अक्षता पाऊण तास उशिरा पोचली, तिला आत घेतलं नाही, प्रॅक्टिकल सहा महिन्यांनी पुन्हा द्यावं लागलं आणि त्या वर्षीचा एमएस्सीचा प्रवेश हुकला. रात्री जेवताना ती रडली तेव्हा काशीराम म्हणाले होते, "वीस मिनिटं आधी निघायचं." दुसऱ्या दिवशी चौकीत गेल्यावर त्यांनी आदल्या दिवशीची शीट काढून पाहिली. ती गाडी पवईतून फिरवलेली होती. खाली सही त्यांचीच. त्यांनी शीट फायलीत परत लावली आणि घरी कधी तोंड उघडलं नाही.

"धोंडिराम," काशीराम म्हणाले. "आजच्या दिवस गोरेगावपर्यंत ने. पोरीची मुलाखत आहे. तिच्या बाळाला घ्यायचंय मला साडेआठला."

धोंडिरामने गिअर बदलला. गाडी गांधीनगरचा पूल उतरली. "नेली असती साहेब," तो म्हणाला. "पण शीटवर काय लिहू?"

हे वाक्यही काशीरामचंच होतं. खिडकीतून हात जोडणाऱ्या कितीतरी ड्रायव्हर-कंडक्टरांना, पॅसेंजरांना त्यांनी हेच विचारलं होतं.

सात पंचावन्नला पवईला सगळे उतरले. एक बाई धोंडिरामला तोंडाला येईल ते बोलत होती आणि तो खाली मान घालून ऐकत होता. गाडी वळली आणि निघून गेली. समोरच चौकी होती. खिडकीला बाहेरून फळी ठोकलेली, दाराला कुलूप. काशीराम त्या खिडकीच्या बरोबर समोर उभे होते, आणि तिथून रस्त्याकडे पाहत होते. दोन रिक्षावाल्यांनी गोरेगाव म्हणताच मान फिरवली. तिसरा थांबलाच नाही. चौथ्याच्या पुढे ते जवळजवळ आडवे गेले, तर त्याने शिवी दिली.

आठ दहाला त्यांनी अक्षताला फोन लावला. "अगं, गाडी पवईतून..."

"हो बाबा," ती म्हणाली. मागे गंधालीचं काहीतरी चाललं होतं. "दमू नका. सावकाश या." आणि फोन ठेवला.

एवढ्या शांतपणे ती बोलली म्हणजे तिने आशा सोडली, असं काशीरामना वाटलं. पुढचा तासभर त्यांच्या जिवाला थारा नव्हता. एक शेअर रिक्षा जोगेश्वरीपर्यंत मिळाली. तिच्यात ते सीटच्या कडेला एका मांडीवर बसले. तिथून दुसरी बस, ती पुलाखाली अठरा मिनिटं उभी. ते दर दोन मिनिटांनी घड्याळ पाहत. साडेआठ वाजले. आठ पस्तीस झाले. आता तिने पर्स खाली ठेवली असेल. आता तिने लॅबला फोन केला असेल. आता ती दार लावून आत गेली असेल. माझ्यामुळे, माझ्यामुळे, असं त्यांचं आत चाललं होतं, आणि शेजारचा माणूस जरा सरकून बसला, कारण काशीराम ते मोठ्याने म्हणत होते.

नऊ दहाला ते तीन मजले चढून वर आले. दाराला कुलूप होतं.

समोरचं दार उघडलं. विमलाकाकू, अक्षताच्या शेजारीण, साठीच्या, गंधालीला कडेवर घेऊन उभ्या होत्या. पोरीच्या हातात बिस्किट होतं आणि तोंडभर त्याचा चिखल.

"आलात का? या, बसा, पाणी घ्या आधी. अक्षता आठ पंचवीसलाच गेली. रिक्षा लगेच मिळाली तिला, वेळेत पोचली, आत्ताच मेसेज आला."

काशीराम भिंतीला टेकले. गेली, वेळेत पोचली, मुलाखत वाचली, एवढंच आधी डोक्यात शिरलं. त्यांनी पोरीकडे हात केले. मग सावकाश दुसरी गोष्ट शिरली.

"मग सकाळी तुम्हाला त्रास झाला," ते म्हणाले. "आयत्या वेळी."

"छे हो, आयत्या वेळी कुठलं? शनिवारीच सांगून ठेवलं होतं तिनं. म्हणाली, काकू, सोमवारी तुम्हीच घ्या हिला. बाबा बसने येणार आहेत."

विमलाकाकू पाणी आणायला आत गेल्या. काशीराम गंधालीला घेऊन तिथेच उभे राहिले. "साडेआठ म्हणजे साडेआठ" असं त्यांनी फोनवर सांगितलं होतं, आणि त्यांच्या मुलीने "बरं" म्हणून लगेच दुसरी सोय केली होती. आज ती त्यांची वाट पाहतच नव्हती.

अक्षता संध्याकाळी साडेसहाला आली. मुलाखत झकास झाली म्हणाली, निकाल आठवड्याने. चहा टाकला, पोरीला घेतलं, बापाच्या समोर फरशीवर बसली. काशीराम निघायचे थांबले होते. दिवसभर त्यांनी वाक्य जुळवलं होतं, पण बाहेर पडलं ते मोडकंतोडकंच.

"तुझं प्रॅक्टिकल होतं. जोगेश्वरीला. त्या दिवशीची गाडी... मीच फिरवली होती. पवईतून."

"मला माहीत आहे," अक्षता म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. येताना पाईकरावकाकांचीच गाडी मिळाली. मी भांडले त्यांच्याशी, सकाळी का नाही आलात म्हणून. ते म्हणाले, बाळा, साहेबांनी फिरवायला सांगितली."

"आणि तू कधी बोलली नाहीस?"

तिने गंधालीच्या पायातला मोजा वर ओढला. "काय बोलणार होते? रात्री वाट बघितली, तुम्ही सांगाल म्हणून. तुम्ही म्हणालात, वीस मिनिटं आधी निघायचं." ती रागावलेली नव्हती. तिला आता त्याचं काही वाटतही नसावं. "उद्यापासून सावकाश या, बाबा. धावपळ नका करू. सकाळचं विमलाकाकू बघतील, तुम्ही दहा-अकरापर्यंत आलात तरी चालेल."

काशीरामना एकतीस वर्षांत कुणी "उशिरा आलात तरी चालेल" असं म्हटलं नव्हतं. ऐकायला ते किती वाईट असतं ते त्यांना आता कळलं. त्यांनी पिशवी उचलली. "साडेआठला येतो," ते म्हणाले.

"बरं," अक्षता म्हणाली.

मंगळवारी सकाळी साडेसहाला ते स्टॉपवर आले तेव्हा सहा पस्तीसची यायची होती. प्रांजल होती, कालचे ते दोघंही होते. काशीराम सरळ तिच्याकडे गेले. "काल माझ्यामुळे तुझी वाट लागली गं. चुकलं माझं."

"जाऊ द्या काका. अर्धा दिवस लागला, दुसरं काय." मग तिने सवयीने विचारलं, "आज येतेय का वेळेवर?"

सगळी रांग त्यांच्याकडे पाहत होती. त्यांना सगळं ठाऊक होतं: सोमवारी कट झालेली गाडी मंगळवारी सहसा कट करत नाहीत, ड्रायव्हर बदललेला असतो, रस्ता मोकळा आहे, नव्वद टक्के येणार. जिभेवर आलं होतं सगळं.

"माहीत नाही," ते म्हणाले.

कोपऱ्यावर शेअर रिक्षा भरत होती, आज थेट जोगेश्वरीपर्यंतची. काशीराम जाऊन आत बसले, पिशवी मांडीवर घेतली आणि प्रांजलला हाक मारली. ती आली, तिसराही आला. रिक्षावाल्याने किक मारली, एकदा, दोनदा. चालू होईना. काशीरामनी नको नको म्हणताना मागे वळून पाहिलं.

बस आली होती. सहा छत्तीस. स्टॉपला नीट लागून थांबली होती, दार उघडं, आत बसायला जागा. रांग सावकाश चढत होती. पाटीवर गोरेगाव लिहिलेलं होतं. अजून उतरून धावले असते तर सहज मिळाली असती, आणि त्यांचा एक पाय रिक्षाबाहेर गेलाही होता.

"काका, आली की ओ," प्रांजल म्हणाली. "उतरायचं का?"

काशीरामनी पाय आत घेतला. दांडा घट्ट धरला.

"पवईपर्यंत येईल ती," ते रिक्षावाल्याला म्हणाले, "पुढचं कोण सांगणार. तू चालू कर रे लवकर. मला साडेआठला पोचायचंय."